फरारी खुनी आणि दहा वर्षांचा मुलगा: कथेतला हा जिव्हाळा पटेल असा कसा लिहावा?

प्रश्न (वेंगुर्ले तालुक्यातून)

मी एक दीर्घकथा लिहीत आहे. काळ १९६९ चा आणि स्थळ रेडी-शिरोड्याची किनारपट्टी. चोरट्या सोन्याच्या व्यवहारात आपल्याच साथीदाराचा खून करून पळालेला एक माणूस मृगाच्या सुमारास आमराईतल्या रिकाम्या मांगरात दडून बसतो आणि दहा वर्षांच्या एका मुलाच्या दृष्टीस पडतो. मुलाचे वडील मुंबईला गिरणीत आहेत, घरी आई आणि आजी. ‘कोणाला सांगितलेस तर बघ’ या दटावणीने सुरू झालेली ओळख पुढे इतकी वाढते की, मुलगा रोज घरून पेज लपवून नेऊ लागतो आणि तो माणूस त्याला फाटलेले जाळे सांधायला शिकवतो. पहिला खर्डा वाचलेल्या एका स्नेह्याचे म्हणणे असे की, हे सारे गोड आहे, पण खरे वाटत नाही. भीतीपोटी मुलाने गप्प बसणे पटते. भीती गेल्यावरही तो तिकडे का जात राहतो, हे मला दाखवता आलेले नाही. जाणकारांनी आपले मत द्यावे.

उत्तर १ (मालवण, निवृत्त शिक्षिका)

तुम्ही मुलाच्या निरागसपणावर फार भिस्त ठेवली आहे, असे मला वाटते. दहा वर्षांच्या मुलाला घरात सगळेच कामे सांगतात आणि त्याचे कोणी ऐकत नाही. अशा मुलाची एक दांडगा पुरुष उपाशीपोटी वाट पाहत बसतो, त्याला उशीर झाला तर कासावीस होतो, ही गोष्ट त्या मुलाच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडते आहे. तो मांगराकडे ओढला जातो तो दयेने कमी आणि या नव्या मोठेपणाने अधिक. शिवाय त्या माणसालाही हे कळते, आणि तो त्याचा उपयोग करून घेतो, हे तुम्ही लपवू नये. मोठ्याने लहानाच्या डोक्यावर गुपिताचे ओझे देणे हा मुळात अन्याय आहे; माया खरी असली तरी तो अन्याय उरतोच.

आणखी एक. पावसाळ्यात कोकणातल्या घरात आगोटीचे धान्य मोजूनमापून वापरले जाते. रोज एका माणसाची पेज कमी होते आणि आजीच्या ध्यानात येत नाही, हे कोणतीही कोकणी बाई मान्य करणार नाही. आजीला कळलेच पाहिजे. ती गप्प का बसते, याचे उत्तर शोधा. कदाचित तुमची कथा तिथेच दडलेली असेल.

उत्तर २ (देवगड, मच्छीमार कुटुंबातील वाचक)

आंबा संपल्यावर मांगर ओस पडतो, तेव्हा जागा योग्य निवडली आहे. मात्र भर पावसात आमराईतून धूर निघाला, तर अर्धा गाव बघायला येईल. म्हणजे त्याला चूल पेटवता येणार नाही, आणि म्हणूनच तो मुलाच्या पेजेवर पूर्णपणे अवलंबून राहील. तो तिथे इतके दिवस का थांबतो, याचेही सोपे कारण आहे. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रावर कोणी जात नाही. त्याला समुद्रमार्गे निसटायचे असेल, तर तोवर वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही. मुलालाही तो दिवस ठाऊक असणार. सणाची वाटही पाहायची आणि तो येऊ नये असेही वाटायचे, अशी त्याची अवस्था होईल. (संवाद मात्र मालवणीत ठेवा. ‘तू कुठून आलास?’ असे रेडीचा मुलगा विचारणार नाही. तो ‘तू खयसून इलंस?’ असेच विचारील.)

उत्तर ३ (कुडाळ, वकील)

प्रथम एक किरकोळ सूचना: १९६९ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. तोवर वेंगुर्ले रत्नागिरी जिल्ह्यातच होते.

कथेला तेव्हाची भारतीय दंड संहिता लागू होईल. १ जुलै २०२४ पासून आलेली न्याय संहिता नव्हे. गुन्हेगाराला आसरा देणे हा कलम २१२ चा गुन्हा आहे, आणि कलम ५२अ मधील व्याख्येप्रमाणे नुसते अन्नपाणी पुरवणेही आसऱ्यात मोडते. म्हणजे पेजेचे भांडेसुद्धा पुरावा ठरू शकते. तथापि समोरचा माणूस गुन्हेगार आहे हे ठाऊक असणे, निदान तसे मानण्यास कारण असणे, आणि त्याला शिक्षेपासून वाचवण्याचा हेतू असणे, या दोन्ही गोष्टी लागतात. भुकेल्याला जेवू घालणारा मुलगा आणि खून कळल्यावरही जेवू घालणारा मुलगा यांत कायदा फरक करतो. तुमच्या कथेनेही करावा. सात ते बारा वर्षांच्या मुलाला कृत्याचे स्वरूप आणि परिणाम समजण्याइतकी पक्वता नसेल, तर कलम ८३ खाली तो गुन्हा ठरत नाही. आजीला मात्र ही सवलत नाही. पती-पत्नींनी एकमेकांना दिलेला आसरा वगळला, तर या कलमात नात्यागोत्याला सूट नाही. इथे तर नातेही नाही.

प्रश्नकर्ता

आजीचा मुद्दा मनात घर करून बसला आहे. वाल्या कोळ्याच्या पापात वाटा घ्यायला त्याच्या बायकामुलांनी नकार दिला होता. इथे कोणीही न लागणारा पोरगा न मागता वाटेकरी होतो आणि आजी त्याच्या वाट्याचे आपल्या अंगावर घेते, अशी मांडणी आता सुचते आहे. माणूस शेवटी पकडला जातो. मुलाला न्यायालयात उभे करणे शक्य आहे काय?

उत्तर ३ (पुढे)

शक्य आहे. तेव्हाच्या साक्षीपुरावा कायद्याच्या कलम ११८ प्रमाणे प्रश्न समजून नीट उत्तर देऊ शकणारे मूलही साक्षीदार होऊ शकते. खटला १९७० मध्ये दाखवलात, तर १९६९ चा शपथ कायदा लागू होईल. बारा वर्षांखालील साक्षीदाराला खरे बोलण्याचे कर्तव्य कळते, पण शपथेचा अर्थ कळत नाही, असे न्यायालयाचे मत झाले, तर त्याला शपथ न देताच त्याची साक्ष घेता येते. मात्र त्याआधी न्यायाधीश त्याला काही साधे प्रश्न विचारून समज पारखतील: शाळेत कोणत्या इयत्तेत आहेस, खोटे बोलले तर काय होते. हे प्रश्न आरोपीसमोरच विचारले जातात, म्हणून तो प्रसंग कथेत थोडक्यात उरकू नका.