मदत हवी आहे: ठाणे ते नागपूर विमानाने, घरापासून नक्की किती वेळ धरायचा?

घोडबंदरकर: नागपूरला लग्न आहे, मुहूर्त १२.३५ चा. निघणार कासारवडवलीहून. मुंबई-नागपूर हवाई अंतर ६८० किमीच्या आसपास दिसतंय. विमान ताशी ८०० ने जातं, मग तिकिटावर १ तास ३५ मिनिटं का? आणि सकाळचं कितीचं विमान घेऊ?

रनवे सत्तावीस: तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून नागपूरला जागेवर थांबेपर्यंतचा असतो. मुंबईत रनवेच्या रांगेतच १५-२० मिनिटं जातात. त्यातून बहुतेक विमानं समुद्राच्या दिशेने उडतात आणि मग पूर्वेला वळतात, म्हणजे सुरुवातच उलटी! पुढे ३५ हजार फूट चढायला सुमारे २०० किमी, उतरायला तेवढेच. ८०० चा वेग मिळतो तो मधल्या पावणेतीनशे किमीत. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेचे, त्यामुळे परतताना ५-१० मिनिटं जास्त धरा.

माजिवडा नाका: अंतराचं सोडा हो, आधी तिकिटावरचा कोड बघा. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचं, उलव्याकडचं. स्वस्त दिसलं म्हणून लोक दुसरंच बुक करतात आणि ऐरोली-बेलापूर रस्त्यावर घड्याळ बघत बसतात. बीओएम असेल तर टर्मिनल १ की २ तेही बघा, दोघांची दारं वेगळ्या रस्त्यांवर आहेत.

८.३० चं घ्या. बऱ्याच कंपन्यांचं बॅगेचं काउंटर ६० मिनिटं आधी बंद होतं, गेट २५ मिनिटं आधी. म्हणजे ६.३० ला टर्मिनलवर, ५.१५ ला घरून. माजिवड्यावरून हायवे, मग गांधीनगरहून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). आठनंतर पवईला अडकलात तर सगळं गणित कोसळतं, म्हणून १० चं विमान घेऊ नका.

घोडबंदरकर: लोकल-मेट्रोने जमेल का?

माजिवडा नाका: जमतं. फास्ट लोकलने घाटकोपर, मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ धरून पुढचंच स्टेशन टी-२. पण ८.३० च्या विमानाला पहाटेच्या पहिल्या गाड्यांवर विसंबू नका, एक चुकली की संपलं. शिवाय घाटकोपरच्या पुलावर मोठी बॅग म्हणजे शिक्षा. मेट्रो दुपारच्या विमानाला ठीक.

रनवे सत्तावीस: ८.३० चं वेळेवर सुटलं तर १०.०५ ला नागपूर. बॅगेला २०-२५ मिनिटं. सोनेगावहून शहर जवळच आहे, ११ ला हॉलवर. तासभर उशीर झाला तरी अक्षता हुकणार नाहीत. दीड तास उशीर झाला तरी पोहोचायची खात्री हवी असेल तर आदल्या रात्रीची विदर्भ एक्सप्रेसही नको, ती लेट झाली की काहीच हातात नाही. आदल्या दिवशीच विमानाने जा.

माजिवडा नाका: एक राहिलं. ओटीच्या सामानात सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भरू नका. तेलामुळे पेट घेण्याचा धोका, म्हणून हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेतही. नागपुरातच घ्या.