मदत हवी आहे: दोऱ्याने शिवलेली जुनी मांगा (जपानी चित्रकथांची) पुस्तकं न उसवता स्कॅन कशी करू? आणि परदेशी वाचकांना त्यातलं किती देता येईल?

नमस्कार मंडळी,

मी तोक्योत निशि-कसाईला राहते. जुनी पुस्तकं जपणारे, स्कॅनिंगचं काम केलेले आणि कॉपीराइटमधलं कळणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे. लांबलंय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

आमच्या मागच्या गल्लीत एक आजी राहतात. त्यांच्या सासऱ्यांचं पुस्तकं भाड्याने द्यायचं दुकान होतं. आता घर पाडून नवं बांधायचं ठरलं, आवराआवर निघाली आणि माळ्यावरून संत्र्यांची चार खोकी खाली आली. आत एकसष्ट पुस्तकं. मुलगा रद्दीत घालायला निघाला होता. आजींनी मला हाक मारली, "तुला जुनं वाचायला आवडतं ना? ने." त्याच संध्याकाळी सायकलवरून चार खेपा करून सगळी घरी आणली.

ही 'काशिहोन' मांगा आहेत, म्हणजे भाड्याच्या दुकानांसाठीच छापलेली पुस्तकं. १९५० च्या दशकात जपानमधल्या पोरांकडे पुस्तक विकत घ्यायला पैसे नसायचे. आजी सांगतात, दहा येन द्यायचे, दोन दिवस ठेवायचं आणि परत आणायचं. मग १७ मार्च १९५९ ला शोनेन मॅगझिन आणि शोनेन संडे ही दोन साप्ताहिकं एकाच दिवशी निघाली, आणि पुढच्या काही वर्षांत ही दुकानं बसत गेली. मिझुकी शिगेरू, शिराटो सान्पेई, तात्सुमी योशिहिरो ही मंडळी या पुस्तकांतूनच पुढे आली. मोठ्या पोरांसाठीच्या गंभीर चित्रकथेला 'गेकिगा' हे नाव तात्सुमींनी दिलं तेही १९५७ मध्ये, अशाच एका भाड्याच्या पुस्तकात. पण माझ्या खोक्यांत त्यांचं काही नाही. आहेत ते मागे राहिलेले लोक. एकेका पुस्तकात पाच-सहा जणांच्या कथा, आणि त्यातली निम्मी नावं मी कधी ऐकलेलीही नाहीत.

जुन्या मांगाच्या चाहत्यांचा आमचा एक छोटा गट आहे. कोणी ल्यों शहरात, कोणी साओ पाउलोत, एक मैत्रीण पुण्यात. तिच्याबरोबरच मी जपानी शिकले. मी मुखपृष्ठांचे फोटो टाकले तेव्हापासून रोज निरोप येतात, "स्कॅन कर, आम्ही भाषांतर करतो." त्यांची तळमळ खरी आहे. साओ पाउलोचा मुलगा केवळ ही पुस्तकं वाचता यावीत म्हणून जपानी शिकला.

आता अडचण. पहिलंच पुस्तक मी घरच्या स्कॅनरवर पालथं घालून वरून दाबलं. कडकन आवाज आला, कण्यातला वाळलेला डिंक फुटला आणि दोन पानं सुटून हातात आली. साठ-पासष्ट वर्षं टिकलेलं पुस्तक माझ्या हातून मोडलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुस्तक कसं आहे ते सांगते. आकार ए-५, जाड पुठ्ठ्याचं. हातोहात फिरून खिळखिळं होऊ नये म्हणून दुकानदाराने कण्यापासून बोटभर आत दाभणाने चार भोकं पाडून जाड दोरा ओवलाय आणि मागच्या बाजूला गाठ मारलीय. त्यामुळे ते पुरतं उघडतच नाही. आतल्या कडेचे संवाद दोऱ्याखाली दडतात. कागद बिस्किटाच्या रंगाचा, कोपरा दुमडला की तुकडाच पडतो. शेवटच्या पानावर दुकानाचा जांभळा शिक्का, आणि एका कथेतल्या खलनायकाला कोणीतरी पेन्सिलीने चष्मा काढलाय.

तर जाणकारांनी सांगावं: दोरा कापू का? बाहेरून स्कॅन करून घेऊ का? स्कॅन झाल्यावर मित्रांना पाठवू शकते का? आणि तीन पुस्तकांचे पुढचे भाग माझ्याकडे नाहीत, ते कुठे शोधू?

प्रतिसाद:

ताई, दोरा अजिबात कापू नका. तो दोरा, तो शिक्का, तो पेन्सिलीचा चष्मा, हाच त्या दुकानाचा उरलेला इतिहास आहे. मी ग्रंथालयात जुनी मासिकं आणि पोथ्यांच्या डिजिटायझेशनचं काम करतो, त्या अनुभवावरून सांगतो.

फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा, स्कॅनर विसरा. पुस्तक नव्वद-शंभर अंशांपेक्षा जास्त उघडायचंच नाही. जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे करा, खालून उशांचा आधार द्या आणि त्यात पुस्तक ठेवा. कॅमेरा स्टँडवर, पानाच्या बरोब्बर समोर. आधी सगळ्या उजव्या पानांचे फोटो घ्या, मग पुस्तक फिरवून सगळ्या डाव्या. दरवेळी कॅमेरा हलवायला लागत नाही. ए-५ चं एक पान २१ सेंटिमीटर उंच असतं. चोवीस मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा ६००० बाय ४००० ठिपक्यांचा फोटो देतो. कडेला थोडी जागा सोडूनही इंचाला सहाशेच्या आसपास ठिपके मिळतात. रेघांच्या चित्राला तेवढे पुरतात.

प्रत्येक पानाच्या मागे काळा कागद सरकवा. हे लोक विसरतात. पातळ कागदातून मागच्या पानाची शाई दिसते, पांढऱ्या कागदाने ती जास्त उठते, काळ्याने दबते. उजेड दोन्ही बाजूंनी तिरका, खोलीतली ट्यूब बंद. तोक्योत वीज ५० हर्ट्झची आहे. दिवा लुकलुकणारा असेल तर फोटोत आडवे पट्टे येतात, अशा वेळी शटर १/५० वर ठेवून बघा. दोऱ्याखालच्या संवादांसाठी पान बोटाने ओढू नका. पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी हलकेच टेकवून तेवढ्याच भागाचा वेगळा फोटो घ्या.

मूळ फाइल रंगीत आणि टिफमध्ये ठेवा. निव्वळ काळं-पांढरं करायचा मोह टाळा. कागदाचा रंग एकदा गेला की गेला. वाचायची प्रत त्यावरून हवी तेवढी उजळ करा. पानांचे क्रमांक जपानी क्रमाने द्या, उजवीकडून डावीकडे, नाहीतर महिनाभराने तुम्हालाच उलगडणार नाही. हातमोजे नकोत, कोरडे स्वच्छ हात पुरे. मोज्यांत बोटाला कडा कळत नाही आणि पान फाटतं. आणि सुटलेल्या दोन पानांना सेलोटेप लावू नका, कृपा करून. कागदी पाकिटात घालून त्याच पुस्तकाच्या मध्ये ठेवा.

प्रतिसाद:

कायद्याच्या बाजूचं मी लिहिते.

स्वतःचं पुस्तक स्वतः स्कॅन करण्याला जपानीत 'जिसुई' म्हणतात. एरवी या शब्दाचा अर्थ आपल्यापुरता स्वयंपाक. कायदाही जवळपास तेच म्हणतो. घरापुरतं रांधा, हरकत नाही. दुसऱ्याला पैसे देऊन स्कॅन करून घेणं मात्र बसत नाही: लेखक-चित्रकारांनी अशा धंद्यांवर दावे लावले, २०१३ मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयाने आणि २०१४ मध्ये बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने लेखकांच्या बाजूने निकाल दिला. म्हणून बाहेर देऊ नका. नेटवरच्या गटात फाइल टाकणंही 'घरापुरतं' होत नाही. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चोरटी मांगा जाणूनबुजून उतरवून घेणंही तिथे बेकायदा आहे.

आता मुदत. जपानमध्ये पूर्वी लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं होती, ३० डिसेंबर २०१८ पासून ७० झाली. पण जे हक्क त्याआधीच संपले होते ते परत जिवंत झाले नाहीत. त्यामुळे सोपी रेघ अशी: चित्रकार १९६७ च्या अखेरीपर्यंत वारला असेल तर जपानमध्ये हक्क संपलेले, १९६८ किंवा नंतर वारला असेल तर अजून चालू. मिझुकी आणि तात्सुमी २०१५ मध्ये गेले, शिराटो २०२१ मध्ये. त्यांच्या कामाला कोणी हात लावू नये.

तुमच्या पुस्तकांत पाच-सहा जणांच्या कथा आहेत, तेव्हा हिशेब पुस्तकाचा नाही, कथेचा करा. कथा एकाची आणि चित्रं दुसऱ्याची असतील तर जो शेवटी वारला त्याची तारीख धरायची. जन्म-मृत्यूची सालं राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या लेखकसूचीत बऱ्याचदा मिळतात.

आणि इथेच परदेशातले चाहते फसतात. जपानमध्ये मुदत संपली म्हणजे सगळीकडे संपली असं नाही. फुकुई एइइची यांचं उदाहरण घ्या. १९५२ पासून त्यांची ज्यूदोवरची मालिका पोरांनी डोक्यावर घेतली होती आणि १९५४ मध्ये ते अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेले. जपानमध्ये त्यांचे हक्क २००४ च्या अखेरीस संपले. भारतात मुदत साधारणपणे मृत्यूनंतर ६० वर्षं आहे. पण अमेरिकेत १ जानेवारी १९९६ ला जे मूळ देशात संरक्षित होतं त्याला प्रकाशनापासून ९५ वर्षं मिळतात, म्हणजे १९५२ च्या भागांना २०४७ अखेरपर्यंत. तेव्हा फाइल कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जाणार, हे आधी विचारा.

वारस सापडतच नसतील तर जपानच्या सांस्कृतिक व्यवहार विभागाकडे अर्ज करून, मोबदल्याची रक्कम जमा करून वापराची परवानगी मागता येते. मेहनत आहे, आणि ही परवानगी फक्त जपानमधल्या वापरापुरती आहे हे लक्षात ठेवा.

प्रतिसाद:

एवढा विचार कशाला करता? साठ वर्षांपूर्वीची पुस्तकं, छापणारा गेला, काढणारा गेला. टाका नेटवर, जगाचं भलं होईल. कोण बघतंय?

धागाकर्ती:

दोन्ही सविस्तर प्रतिसादांसाठी मनापासून आभार. दादा, तुमचा प्रतिसाद छापून टेबलासमोर लावलाय.

"कोण बघतंय" असं लिहिणाऱ्यांना सांगते, मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग एका पुस्तकातल्या सहा नावांची सालं शोधायला बसले. एक जण १९६३ मध्ये गेलेले. दोघांचा काहीच पत्ता नाही. दोघे गेल्या दहा-पंधरा वर्षांत गेलेत. आणि सहाव्या बाई आहेत, त्या बहुधा हयात आहेत; जन्मसाल आहे, मृत्यूचं नाही. त्यांनी विशीत काढलेली कथा आज परदेशात कोणीतरी वाचू पाहतंय, हे त्यांना आधी कळायला हवं. ते सांगायची संधी असताना मी गुपचूप फाइल चढवणार नाही. मिझुकींच्या पुस्तकाला २००७ मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला तो रीतसर फ्रेंच आवृत्तीला. तशी वाट या बाईंनाही मिळू शकते.

ल्यों आणि साओ पाउलोला तसं कळवलंय. ल्योंवाली थोडी नाराज झाली. साओ पाउलोवाल्याने मात्र लगेच १९६३ मध्ये गेलेल्या चित्रकाराची माहिती गोळा करायला घेतली.

प्रतिसाद:

मी क्योतोत असतो. राहिलेल्या भागांबद्दल.

राष्ट्रीय संसद ग्रंथालयात सगळी काशिहोन मिळतील या भरवशावर राहू नका, बरीचशी तिथे पोचलीच नाहीत. तिथे घरबसल्या वाचायची सोय मे २०२२ पासून झाली, पण त्यातून मांगा वगळलेलं आहे. तुमच्याजवळचं ठिकाण म्हणजे मेइजी विद्यापीठाचं योनेझावा योशिहिरो स्मृती ग्रंथालय. नाइकी तोशिओ नावाचे गृहस्थ स्वतः भाड्याच्या पुस्तकांचं दुकान चालवायचे. त्यांनी १९७८ मध्ये वासेदाला आधुनिक मांगा ग्रंथालय काढलं, तो संग्रह आता मेइजीकडे आहे. तुमच्या आजींच्या सासऱ्यांच्याच धंद्यातला माणूस. आमच्या इथलं आंतरराष्ट्रीय मांगा संग्रहालय २००६ मध्ये एका जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत सुरू झालं, तिथे तीन लाखांच्या आसपास वस्तू आहेत. जपानच्या मीडिया आर्ट्स डेटाबेसमध्ये नाव टाकून आधी कुठे काय आहे ते बघा.

विकत घ्यायचं तर नाकानो ब्रॉडवेतलं मांदाराके हे जुन्या मांगाचं दुकान, जिंबोचोची जुन्या पुस्तकांची दुकानं, आणि जुन्या पुस्तकविक्रेत्यांच्या संघाचं 'निहोन नो फुरुहोन्या' हे संकेतस्थळ. वर्णनात 'काशिहोन-आगारी' असेल तर पुस्तक भाड्याच्या दुकानातून आलेलं. 'याके' म्हणजे उन्हाने पिवळं पडलेलं, 'शिमी' म्हणजे डाग, दोन्ही चालतील. 'राकुचो' दिसलं तर मात्र थांबा, त्यात पानं गायब असतात. कित्येकदा नेमका कथेचा शेवटच नसतो.

धागाकर्ती:

आभार! योनेझावा ग्रंथालयात शनिवारी जाऊन आले. तीनपैकी एक भाग त्यांच्या सूचीत आहे, वाचायला मागवलाय.

पुठ्ठ्याचा पाळणा जमला. काल रात्री १९६३ मध्ये गेलेल्या चित्रकाराची पूर्ण कथा काढली, बत्तीस पानं, दोन तास दहा मिनिटं. काळ्या कागदाने खरंच जादू झाली. दोऱ्याखालचे सगळे संवाद वाचता आले, एक सोडून. आजींना टॅबवर दाखवलं. त्या चित्रांपाशी थांबल्याच नाहीत, बोटाने पानं सरकवत सरळ शेवटच्या पानावर गेल्या, शिक्का मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "हा मी मारायची. लग्न नवीन होतं, दुकानात मला एवढंच काम द्यायचे."

आता उरलेलं एक अडलंय. कथेच्या सतराव्या पानावरचा तो संवाद हाताने लिहिलेला आहे आणि बोलीभाषेत आहे. मला आणि आजींना दोघींनाही लागत नाही. ओसाका किंवा नागोयाकडची बोली कळणारं कोणी इथे आहे का? विपूत (विचारपुशीत) कळवा, तेवढ्या चौकटीचा फोटो पाठवते.