जिन्यातली किल्लीची डबी

बी-३०४: रात्री दीड वाजता आमची बेल वाजली. दारात चार मुलं, बॅगा, "आंटी, चावी?" सासऱ्यांचं बीपी तेव्हापासून वर आहे. आता कमिटीने बोलावंच.

बी-२०१: गेटवर नोंदवही ठेवा. मी गणपतीतही सांगितलं होतं.

बी-५०४: सॉरी ताई. माझ्या फ्लॅटवर बुकिंग करून आलेले पाहुणे ते. त्यांना पाचवा मजला नीट लिहून पाठवला होता. यापुढे नाही होणार.

बी-३०४: दादा, हे तिसऱ्यांदा ऐकतेय. जिन्याच्या कठड्याला तुम्ही लावलेली ती किल्लीची नंबरवाली डबी, तिचा नंबर माझ्या सात वर्षांच्या मुलीला पाठ आहे. पाहुणे खालून ओरडून विचारतात.

ए-१०२: आणि पाहुण्यांची गाडी माझ्या पार्किंगमध्ये, तेही लिहा.

ए-४०३: काका, तुमची स्कूटर गेले वर्षभर माझ्या जागेत आहे 🙏

ए-१०२: तो विषय वेगळा आहे.

बी-५०४: फ्लॅट माझा आहे. स्वतः राहत नाही म्हणून लागतं ते बिनभोगवटा शुल्क भरतो. त्यापुढे काय करायचं ते सांगा.

सचिव: शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं, तेवढंच घेतलंय. पण त्याने बाकीचं माफ होत नाही. आत राहणारे भाडेकरू म्हणत असाल तर भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नसेल तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाहुणे म्हणत असाल तर केंद्राची निवास-न्याहारी योजना आहे, १ ते ६ खोल्या, जास्तीत जास्त १२ खाटा. पण तिथे मालक कुटुंबासह त्याच घरात राहायला हवा. तुम्ही बंगळुरूला. मग आपण नक्की कशात बसता?

बी-२०१: नोंदवही.

बी-५०४: सगळ्या शहरात चालतं हे.

सचिव: चालत असेल. मार्चमध्ये परदेशी जोडपं आलं होतं, त्यांची माहिती २४ तासांत एफआरआरओला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला, ऑनलाइन दिली होती का? ती जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची. उद्या पोलीस आले तर गेटवर वॉचमन काका उभे असतील, तुम्ही नाही.

ए-४०३: टँकरचं बिल कोणी भरलं का?

सचिव: ताई, कृपया तो विषय दुसरीकडे.

बी-३०४: मला कोणाचं उत्पन्न बंद करायचं नाही. पण आत कोण झोपलंय हे आपल्याला माहीत हवं. एवढंच.

बी-५०४: ठीक. डबी आज काढायला लावतो. शनिवारी स्वतः येतो, कमिटीसमोर बसू. तोवर नवीन बुकिंग बंद ठेवलंय. शुक्रवारच्यांची ओळखपत्रं आधीच सचिवांना पाठवतो.

बी-३०४: आभारी आहे.

बी-२०१: वही मी आणली. १२० रुपये झाले. पहिलं पान मीच आखतोय: नाव, फ्लॅट, किती जण, कधी जाणार.