मदत हवी आहे: सोनोग्राफीत चिकटलेले बुडबुडे नेमके मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी, बायोप्सीशिवाय गाठीतले रेणू ओळखण्यासाठी त्या रेणूंना चिकटणारे वायूचे सूक्ष्म बुडबुडे शिरेतून सोडून सोनोग्राफी करतात, त्याबद्दल विचारायचं आहे. हे बुडबुडे काही मायक्रॉनचे, रक्तवाहिनीबाहेर पडत नाहीत. म्हणून लक्ष्यही वाहिनीच्या अस्तरावरचंच लागतं. व्हीईजीएफआर-२ला (गाठीतल्या नव्या वाहिन्यांच्या अस्तरावरचा रिसेप्टर, म्हणजे ग्राही रेणू) चिकटणारा बीआर५५ नावाचा बुडबुडा माणसांवरही तपासला गेलाय, हे मला फार आशादायक वाटतं.

माझं अडतंय ते मोजणीत. मोकळे बुडबुडे कमी व्हावेत म्हणून काही मिनिटं थांबायचं, मग ध्वनिलहरींच्या जोरदार स्पंदाने उरलेले फोडून आधीच्या-नंतरच्या सिग्नलमधला फरक घ्यायचा, इथवर समजलं. पण गाठ यकृतात असेल तर श्वासाबरोबर यकृत हलतं, तेव्हा हा फरक विश्वासार्ह राहतो का? आणि सिग्नल दुप्पट म्हणजे रिसेप्टरही दुप्पट, असं धरता येतं का? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.