डिस्क गोल्फसाठी ओव्हरस्टेबल (वाऱ्यात न पलटता शेवटी डावीकडे वळणारी) मिड (मध्यम अंतराची डिस्क) कुठली घेऊ? समोरून वारा आला की बझ्झ पलटतेय

उजवा_बॅकहँड:
वर्षभर झालं खेळतोय, उजव्या हाताचा बॅकहँड, मिड जोर लावून ७०-७५ मीटर जाते. बॅगेत एकच मिड, डिस्क्राफ्टची बझ्झ. वारा नसला की नाकासमोर जाते बिचारी, काही तक्रार नाही. पण समोरून जरा वारा आला की उजवीकडे पलटी खाते ती परत डावीकडे यायचं नावच घेत नाही, काल तर थेट काटेरी झुडपात. जस्टिस, रॉक३ आणि बझ्झ ओएस या तिघींवर नजर आहे. जस्टिसचा फेड (शेवटी डावीकडे वळण्याचा आकडा) ४ म्हणजे वाऱ्यात तीच बेस्ट ना?

झाडाला_टप्पा:
जस्टिस नको रे. आकडे पूर्ण वाच, स्पीड ५, ग्लाइड १, टर्न (उजवीकडे झुकणं) ०.५, फेड ४. सगळे शेवटचा ४ बघून खूश होतात, मधल्या १ कडे कोण बघतंय! ग्लाइड १ म्हणजे ती तरंगतच नाही, तुझ्या हाताने ५० मीटरच्या आसपासच डावीकडे कोसळेल. मी पण हौसेने घेतलेली, पहिला आठवडा सगळे थ्रो अर्ध्यात पडत होते आणि मी खांद्याला दोष देत होतो. रॉक३ घे, त्याच क्रमाने ५, ४, ०, ३. ग्लाइड बझ्झइतकाच, शेवटी मात्र हमखास डावीकडे वळते.

चेन_वाजली:
जस्टिसला एवढं पण झोडू नका, ४० मीटरच्या फोरहँड अप्रोचला (बास्केटजवळ टाकायच्या थ्रोला) माझी तीच असते. पण एकुलती एक ओव्हरस्टेबल मिड म्हणून नको, हे खरं.
आणि भाऊ, डिस्क सुटताना डगमगते का ते एकदा व्हिडिओ काढून बघ. डगमग असेल तर ओव्हरस्टेबल डिस्क ती झाकते फक्त, दुरुस्त करत नाही.

जुनं_प्लास्टिक:
बझ्झ किती जुनी आहे? झाडांवर आपटून आपटून डिस्क अंडरस्टेबल (सहज उजवीकडे पलटणारी) होत जाते. नवीन घेशील ती डीएक्स प्लास्टिकमध्ये नको, लवकर मऊ पडते, चॅम्पियन प्लास्टिकमध्ये घे. शिवाय एकाच मोल्डच्या (मॉडेलच्या) दोन डिस्क पण सारख्या उडत नाहीत. दोन्ही सपाट जागेवर शेजारी ठेव, डोळे त्याच पातळीला आण आणि कडेवरची जोडरेषा बघ. जिची रेषा वर, ती सहसा जास्त ओव्हरस्टेबल.

उजवा_बॅकहँड:
बझ्झ आत्ता टेबलावर ठेवून बघितली, रेषा बरीच खाली आहे, आणि कडेला खरवडलंय एवढं की बोटाला टोचतं 😅 व्हिडिओ पण काढला, डगमगतेय थोडी, कबूल. रॉक३ फायनल. १७५ ग्रॅम घेऊ की १८०?

झाडाला_टप्पा:
वाऱ्यासाठी घेतोयस ना, मग १८०. आणि बझ्झ टाकू नकोस, पाठून वारा असेल तेव्हा तीच लांब जाईल.