टॉर्चवाला नोकिया, दोन सिमवाला मायक्रोमॅक्स: गिऱ्हाईक नक्की कुणाला कळलं होतं?

गल्लेवाला:
कराडला अकरा वर्षं मोबाइलचं दुकान चालवलं. हल्ली जो तो ‘ग्राहकाला ओळखा’ म्हणून वेबिनार घेतोय, म्हणून हा धागा. माझं मत: त्याला सर्व्हे लागत नाही, काउंटरमागे उभं राहावं लागतं.

नोकिया ११०० आला २००३ मध्ये. टॉर्च, धूळ न शिरणारा कीपॅड, हातातून निसटणार नाही अशी कड. आमच्याकडे तेव्हा दहा-दहा तास लोडशेडिंग. रात्री लाइट आली की शेताला पाणी पाजायला निघालेला माणूस तो फोन दातात धरून पंपाची पेटी उघडायचा. जगभरात २५ कोटींच्या वर खपला, तो उगाच नाही.

तीच कंपनी दोन सिमच्या वेळी झोपली. २००९ मध्ये टाटा डोकोमोने बोलण्याचा दर सेकंदाला एक पैसा काढला आणि ज्याच्या त्याच्या खिशात जादा सिम आलं. गिऱ्हाईक नखाने झाकण उघडणार, बॅटरी काढणार, एसटीच्या तिकिटात गुंडाळलेलं सिम घालणार, बोलणार, की परत पहिलं सिम आत. दिवसातून चारदा! हे मला दिसत होतं, मायक्रोमॅक्स या देशी कंपनीला दिसलं, तिने दोन सिमचा फोन विकला. नोकियाने दोन सिमचा फोन जाहीर करेपर्यंत २०१० चा जून उजाडला.

सोल्डरिंग:
काका, वर्णन झकास, पण निष्कर्ष पटला नाही. युरोपात बरेचसे फोन ऑपरेटरच्याच दुकानातून विकले जायचे. स्पर्धकाचं सिम बसेल असा फोन तो कशाला मांडून ठेवेल? नोकियाचं मोठं गिऱ्हाईक तो होता, तुमच्या काउंटरवरचा शेतकरी नव्हे. आणि मायक्रोमॅक्सने शोध कसला लावला? मीडियाटेक या तैवानी कंपनीची चिप, चीनमधल्या शेनझेनचं तयार डिझाइन, वर आपलं नाव. दोन सिमची सोय चिपबरोबरच यायची. कार्बन, लाव्हा या बाकीच्या देशी कंपन्या, सगळ्यांनी तेच केलं. या सगळ्यांना एकदमच ग्राहक समजला होय?

गल्लेवाला:
चिप बाजारात होती ना, मग नोकियाला कुणी अडवलं होतं? आणि मायक्रोमॅक्सचा २००८ चा एक्स१आय फोन विसरलात. महिनाभर चालणारी बॅटरी! मायक्रोमॅक्सच्या राहुल शर्मांनी बंगालमधल्या खेड्यात ट्रकच्या बॅटरीवर चाललेला पीसीओ (पैसे देऊन फोन करायचं बूथ) पाहिला, त्यावरून तो फोन सुचला. ती काय चिपची करामत?

वैदेही_ठाणे:
धंदा चालला की असा पीसीओ प्रत्येकालाच आठवतो. बुडालेल्यांनीही खेडी पाहिलेलीच असतात, त्यांना कुणी विचारत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. मायक्रोमॅक्सला गिऱ्हाईक एवढं कळत होतं, तर पुढे काय झालं? ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, बोलणं फुकट झालं. पैसे वाचवायला सिमची अदलाबदल करायची गरजच संपली. लोकांना एकदम फोरजी फोन हवा झाला आणि तो चिनी कंपन्यांनी पुरवला. आदल्या वर्षी तुम्ही गिऱ्हाइकाला विचारलं असतं, तर तो ‘बॅटरी मोठी द्या’ एवढंच म्हणाला असता. गिऱ्हाईक आजची कटकट सांगतं. उद्याचं त्याला तरी कुठे माहीत असतं?

बाजारबुणगा:
मी वितरकाकडे सेल्सला होतो, म्हणून नाक खुपसतो. काका, खरं सांगा, ज्या डब्यावर मार्जिन जास्त तोच तुम्ही पुढे सरकवत होतात की नाही? ‘हा घ्या, हा चांगला आहे’ एवढ्या शब्दावर निम्मी विक्री व्हायची. त्याला कुणी गिऱ्हाईक ओळखणं म्हणत नाही.

गल्लेवाला:
सरकवायचो, खोटं का बोलू. एका ब्रँडच्या (नाव नको) पेटीवर दुप्पट सुटायचे. सहा महिन्यांत बॅटऱ्या फुगून फोन परत यायला लागले आणि शिव्या मी खाल्ल्या, कंपनीने नाही. पण म्हणूनच म्हणतो, शिव्या जिथे पडतात तिथे कंपनीचा माणूस बसवा.

वैदेहीताई, जिओचंच घ्या. २०१७ चा त्यांचा दीड हजार अनामतीचा फोन, त्यावर सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. काउंटरवर तासभर जरी कुणी बसलं असतं तरी लोकांचा पहिला प्रश्न कळला असता.

वैदेही_ठाणे:
तरी तो फोन धडाधड खपला, काका. व्हॉट्सअ‍ॅप आलं २०१८ मध्ये. म्हणजे पहिला प्रश्न चुकवूनही चाललं की! खिसा खोल असेल तर गिऱ्हाईक उशिरा ओळखलं तरी भागतं. मायक्रोमॅक्सला ती सवलत नव्हती.

सोल्डरिंग:
या शेवटच्या दोन वाक्यांना +१. बाकी दातात फोन धरणारा तो माणूस कोण होता काका?

गल्लेवाला:
मीच. ११०० अजून कपाटात आहे, बॅटरी तेवढी गेली.

बाजारबुणगा:
बीएल-५सी नावाची बॅटरी मागा. अजून मिळते. फक्त दुकानदार पुढे सरकवेल ती घेऊ नका.