रिव्हर्स इंजिनिअरिंग मोफत साहित्यावरून शिकता येईल काय?

नवशिका : महाविद्यालयात सी भाषा शिकलो असून पॉइंटर आणि स्टॅक (फंक्शनची तात्पुरती मूल्ये ठेवण्याची स्मृतीतील जागा) यांची जुजबी ओळख आहे. तयार प्रोग्रॅम उलगडून तो आतून कसा चालतो हे समजून घ्यायचे आहे, परंतु सशुल्क अभ्यासक्रम परवडणारे नाहीत. विकिबुक्सवर अनेकांनी मिळून लिहिलेले ‘एक्स८६ डिसअसेंब्ली’ (म्हणजे इंटेल प्रकारच्या प्रोसेसरची यंत्रभाषा वाचता येतील अशा सूचनांत उलगडणे) हे पुस्तक सापडले. एवढ्यावर सुरुवात करावी काय? शिवाय हे कायद्यात बसते काय?

खटपट्या : अवश्य करावी, मात्र ते पुस्तक कादंबरीसारखे सलग वाचू नये. त्यातील बरीचशी उदाहरणे ३२-बिट आहेत, जेथे फंक्शनला दिलेली मूल्ये सहसा स्टॅकवरून जातात. ६४-बिट लिनक्सवर पहिली सहा पूर्णांक मूल्ये रजिस्टरमधून (प्रोसेसरमधील छोट्या साठवण-जागांमधून) जातात, विंडोजवर चारच. हा फरक ठाऊक नसल्यामुळे मी स्वतः आठवडाभर स्टॅकमध्ये नसलेली मूल्ये शोधत बसलो होतो. म्हणून प्रत्येक प्रकरणासोबत दहा ओळींचा स्वतःचा प्रोग्रॅम लिहावा, तो कंपाइल करावा (यंत्रभाषेत आणावा) आणि घिड्रा या प्रोग्रॅम उलगडणाऱ्या साधनात उघडून पाहावा. हे साधन अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये खुले केले असून त्याला पैसे पडत नाहीत. मूळ कोड आपलाच असल्याने उत्तर पडताळण्यासाठी कोणाकडे जावे लागत नाही.

नवशिका : आभारी आहे. तसा प्रयोग केला. १ ते १० यांची बेरीज करणारे लूप लिहिले, परंतु कोड वेगवान करणारा ‘ओ२’ पर्याय देऊन कंपाइल केल्यावर ते कोठेच दिसेना.

खटपट्या : लूप गेले, कारण कंपायलरने बेरीज आधीच करून टाकली. तेथे ३७ हा सोळा-आधारी अंक शोधावा, म्हणजेच आपले ५५. आरंभी अशी सुधारणा न करणारा ‘ओ०’ पर्याय वापरावा आणि मग दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत. कंपायलर एक्स्प्लोरर या संकेतस्थळावर ते ब्राउझरमध्येच जमते.

कलमबहाद्दर : कायद्याविषयी थोडे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम ५२ नुसार, कायदेशीररीत्या मिळवलेला प्रोग्रॅम ज्या कामासाठी दिला आहे त्या कामासाठी चालवताना, त्यामागील कल्पना व तत्त्वे जाणून घेण्याकरिता त्याचे निरीक्षण, अभ्यास वा चाचणी करणे हा स्वामित्वभंग ठरत नाही. याचा अर्थ कुलूप तोडून प्रती वाटण्याची मुभा आहे, असा मात्र नव्हे. स्वतःच लिहिलेल्या प्रोग्रॅमबाबत तर हा प्रश्नच उद्भवत नाही.